फरशीला सलाईन

नौबादला घर बांधायला काढलं तेव्हा खाली शहाबादी फरशीच बसवायची, हा माझा हट्ट. यजमानांना चकचकीत टाइल्स हव्या होत्या. पण वर्गातल्या पोरांना गप्प बसवणाऱ्या बाईला घरात गप्प बसवणं त्यांना कधीच जमलेलं नाही. फरशी आली आणि तिच्या मागोमाग कमठाणा गावचे मिस्त्री आणि त्यांची बायको आली. ते फरशी कापायचे, बसवायचे. ती सिमेंट कालवून द्यायची. सगळे त्यांना अण्णा आणि अक्का म्हणायचे, म्हणून आम्हीही म्हणू लागलो.

पहिल्या दिवशी शाळेतून येऊन पाहते तर बैठकीची खोली दिसेचना. आत कटर किंचाळत होता आणि दगडाच्या पिठात अण्णा उकिडवे बसले होते. भुवया पांढऱ्या, कान पांढरे, मिशी पांढरी. चहाच्या वेळी कटर थांबला आणि खोकला सुरू झाला. उबळ ओसरल्यावर त्यांनी माझ्यापुढं हात केला.

"बाई, गूळ."

आमच्या भागात धुळीत राबणाऱ्याला चहाबरोबर गुळाचा खडा द्यायची रीत आहे. जो घरमालक देत नाही, त्याची कुचेष्टा पुढच्या तीन बांधकामांवर होते. "गूळ खाल्लं की धूळ खाली उतरतंय. छातीत ऱ्हात न्हाई," अण्णांनी मला समजावलं. मी गूळ दिला, पण माझं डोकं फिरलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी चांगले जाड मास्क आणले. अण्णांनी माझा मान राखला आणि मास्क हनुवटीवर घातला. दुपारी तो कपाळावर गेला. पुढं एकदा त्यात तंबाखूची पुडी जपून ठेवलेली दिसली.

"अण्णा, नाकाचं डोक्याला कामून लावलात?"

"दम कोंडतंय, बाई."

"मग पाणी सोडून कापा. धूळ उडणारच न्हाई."

"पाण्यानं खडूची रेघ पुसतंय. अन् करंट बसला तर?"

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यामुळं मी आणखीच चिडले.

मग एका दुपारी हौदावर घमेलं धुता धुता अक्का बोलली. "मठात श्रावणातल्या भजनाला हेच पुढं असतात. ओळ धरली की असं लांब ओढायचे की ऐकणाऱ्याचा दम जायचा. गेल्या श्रावणात मधीच थांबले. मी मागून ओळ पुरी केली. लोकांना वाटलं, नवराबायकोचं आधीच ठरलेलं हाय." ती हसली, मग हसायची थांबली. "घरी येऊन म्हणले, आता मी पुढं बसणार न्हाई. ह्या माणसाचं गाणं गेलं तर मागं काय ऱ्हायलं, बाई?"

मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की राग येतो. दुसऱ्याच दिवशी अण्णांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी फोटो काढला, छाती तपासली आणि सरळ सांगितलं, "गूळ पोटात जातो, धूळ छातीत. दोघांची वाट वेगळी. गेलेला दम परत यायचा नाही, आहे तो सांभाळा. यापुढं कोरडा दगड कापायचा नाही." परत येताना अण्णांनी रिक्षात निकाल दिला, "डॉक्टर ल्हान हाय अजून."

मग मी जाहीर केलं, कोरडं कापलं तर गूळ बंद. अण्णांनी कटर पोत्यात गुंडाळला आणि लिंबाच्या सावलीत जाऊन बसले. गूळ नाही तर मशीन नाही. अक्का मधे बसली आणि दोघांकडं आळीपाळीनं बघत राहिली.

तोड काढली ती यजमानांनी. त्यांचं औषधांचं दुकान आहे. कटर हातात घेऊन बघतात तर पाण्याच्या नळीची जागा त्याला मुळातच होती, नळी अण्णांनी कधीच उपटून फेकली होती. ते दुकानातून सलाईनची नळी घेऊन आले. पाण्याची बाटली खिडकीच्या गजाला टांगली, नळी कटरला जोडली. वायरमन बोलावून अर्थिंग करून घेतलं आणि करंट गळला की आपोआप बंद पडणारं बटण बसवलं. रेघ मात्र खडूऐवजी खिळ्यानं ओढायची, असं ठरलं.

"पेशंट मी का दगड?" अण्णांनी बाटलीकडं बघत विचारलं.

"पेशंट तुम्ही, सुई दगडाला," यजमान म्हणाले. अक्का तोंडाला पदर लावून हसली.

बटण दोनदा बंद पाडून दाखवल्यावरच अण्णा कापायला बसले. धुळीऐवजी राखाडी चिखल निघाला आणि तो वाळायच्या आत अक्का घमेल्यात भरत गेली. चहाच्या वेळी अण्णा समोर आले तेव्हा त्यांची मिशी काळी आहे, हे मला पहिल्यांदा कळलं. मी गुळाचे दोन खडे दिले.

आठवडाभरानं ते म्हणाले, "बघा बाई, गुळानं खोकला कमी व्हायलाय का न्हाई." मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अक्कानं मागून हातानंच नको म्हणून खुणावलं. मी गिळून टाकलं.

वास्तुशांतीच्या संध्याकाळी आम्ही त्याच फरशीवर भजन ठेवलं. अण्णा मागं भिंतीला टेकून झांजा घेऊन बसले. यजमानांनी त्यांचा हात धरून पुढं आणलं. ते नाही म्हणत होते, पण शेवटी आवाज लावला. ओळ वर चढली, लांब गेली आणि मधेच तुटली. अक्कानं मागून तोंड उघडलंच होतं. अण्णांनी न बघता तिच्याकडं हात केला, थांब म्हणून. सावकाश दम घेतला. झांजा थांबल्या होत्या, कुणी खोकलंसुद्धा नाही. मग त्यांनी उरलेली ओळ उचलली आणि स्वतःच पुरी केली.

अक्का तशीच, तोंड उघडं ठेवून, बघत बसली होती.