दोन रेघांचं ताट

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. पाय कसे सुधारले असं कोणी विचारलं की मी भाकरी, मेथी, चालणं एवढं सांगतो आणि विषय बदलतो. माझ्यासारख्याच ज्यांच्या तळपायांना मुंग्या येतात, असे गुळाच्या बाजारातले जुने सोबती घरी येऊन माझ्याकडून आहार लिहून नेतात. त्यांना मी अर्धंच सांगितलं आहे. उरलेलं अर्धं माझ्या सुनेचं आहे.

माझी चाळीस वर्षं कोल्हापूरच्या गूळ बाजारात गेली. एका अडत दुकानात मी गूळ पारखायचो. गुळाच्या मोठ्या ढेपेला आम्ही रवा म्हणतो. रव्याचा कोपरा फोडायचा, रंग बघायचा, कणी बघायची आणि चिमूटभर जिभेवर ठेवायचा. खारट आहे का, करपला आहे का, हे डोळ्यांना चुकतं, जिभेला चुकत नाही. दिवसभर हेच. पण आमच्या धंद्यात चव घेणं म्हणजे खाणं असं कोणी धरत नसे. निर्जळी उपास करणारी माणसंसुद्धा सौद्यात, म्हणजे गुळाच्या लिलावात, बिनदिक्कत जीभ लावत आणि उपास मोडला असं त्यांना वाटत नसे. मलाही वाटत नसे.

निवृत्त झालो तेव्हा बायको जाऊन तीन वर्षं झाली होती. घरात मी, मुलगा आणि सून. शाहूपुरीच्या पलीकडे एका गल्लीत आमचं वरच्या मजल्यावरचं घर. मुलगा कारखान्यात पाळीला जायचा, सून शिवणाचं काम घरी करायची. ती चंदगडकडची. भातावर वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा भाकरी थापताना तिचे हात भाजायचे आणि ती हसायची.

पायाला आधी नुसत्या मुंग्या होत्या. पुढं तळव्यांना चटणी चोळल्यासारखी आग व्हायला लागली. पांघरुणाचा स्पर्श सहन होईना, आणि गंमत अशी की त्याच पायांत चप्पल आहे की नाही हे कळेना. एका दुपारी सून फरशी पुसत होती. तिला ओल्या फरशीवर लाल ठसे दिसले. ठशांच्या मागं मागं ती माझ्या खुर्चीपर्यंत आली.

"मामा, पाय वर करा बघू."

टाचेत खिळा घुसला होता. मला पत्ताच नव्हता.

डॉक्टरांनी सांगितलं, साखर बरीच वर्षं वाढलेली असणार, तिनं पायांच्या नसा खराब केल्या आहेत. गोळ्या दिल्या, पण म्हणाले, "खरं औषध ताटात आहे. अर्धं ताट भाजी, पाव भाकरी, पाव डाळ नाहीतर अंडं. भाजी आधी खायची. पाय रोज बघायचे." मी मान डोलावली. सुनेनं शिवणाच्या वहीत लिहून घेतलं.

चार दिवसांनी भांड्यांवर नावं घालणारा गल्लीत ओरडत आला. सून माझं स्टीलचं ताट घेऊन खाली उतरली. मी गॅलरीतून ऐकत होतो.

"नाव कुणाचं घालू, वहिनी?"

"नाव नको. मधनं एक रेघ मारा, आनि ह्या अर्ध्यात अजून एक."

"रेघा? पंचवीस वर्षं नावं घालतोय, रेघा कुणी मागितल्या न्हाईत. वाटणी चाललीया काय घरात?"

"व्हय. सासऱ्याची आनि साखरेची."

त्या ताटात मी जेवायला लागलो. मेथी, अंबाडी, दोडका, मोड आलेली मटकी, एक जोंधळ्याची भाकरी. बिनसाखरेचा चहा मी पहिले आठ दिवस तोंड वाकडं करून प्यायलो. तीही माझ्यासोबत तसाच प्यायची, मी एकटा पडू नये म्हणून. भात आठवड्यातून दोनदा, मुठीएवढा, डाळ आणि भाजीबरोबर. तेवढा चालतो असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. संध्याकाळी ती घमेल्यात कोमट पाणी आणायची. माझ्या पायांना गरम-गार कळत नव्हतं, म्हणून आधी स्वतःचं कोपर बुडवून बघायची. सुनेनं पायाला हात लावायचा म्हणून मी अवघडून जायचो. ती म्हणायची, "कापड बघतेय असं समजा. कुठं उसवलंय का एवढंच बघायचं."

गणपतीपर्यंत आग निम्म्यानं उतरली. तीन महिन्यांची साखर दाखवणारी तपासणी चांगली आली. डॉक्टर तिला म्हणाले, "हे तुमचं काम." ती लाजली. घरी येताना तिनं रिक्षातून माहेरी फोन लावला आणि वडिलांना ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

मग दिवाळी आली आणि गुळाचा हंगाम सुरू झाला. सकाळी फिरायला जातो म्हणून मी निघायचो आणि पाय बाजाराकडे वळायचे. जुन्या दुकानातल्यांना आनंद झाला. "या, बसा, एवढा रवा बघा." मी बघायचो. चिमूट जिभेवर ठेवायचो. एका रव्याची, मग दुसऱ्याची. थुंकायला हवं होतं, पण बाजारात गूळ कोणी थुंकत नाही. आपण खात नाही, काम करतो आहोत, असं मी स्वतःला सांगत होतो. खरं म्हणजे घरात मी नुसते दुखरे पाय उरलेला म्हातारा होतो आणि बाजारात मी जीभ असलेला माणूस होतो. तो मान मला सोडवत नव्हता. तळव्यांची आग परत आली तेव्हा मी घरी बोललो नाही.

संक्रांत झाल्यावर पुन्हा तपासणी झाली. या वेळी मुलगाही आला होता. डॉक्टरांनी कागद बघितला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मागच्या वेळी इतकं छान होतं. घरात काय बदललं?"

प्रश्न मला होता, पण ते बघत होते तिच्याकडे.

तिनं बोटांवर मागचे दिवस मोजले. मग म्हणाली, "संक्रांतीला गुळाची पोळी दिली होती मी. एकच."

"एका पोळीनं एवढं वाढत नाही."

"मग भातच असंल. माझ्या हातानं जास्त पडला असंल."

माझ्या अंगठ्याच्या नखात त्या सकाळचा गूळ होता. मी मूठ मिटून मांडीवर ठेवली. खरं सांगणं दोन मिनिटांचं काम होतं. ते मी केलं नाही.

बाहेर आल्यावर मुलगा तिला म्हणाला, "तुला एवढं एक काम सांगितलं होतं." घरी आल्यावर तिनं तांदळाचा डबा रिकामा केला, धुतला आणि उलटा करून माळ्यावर ठेवला.

आठवड्याभरात तिचे वडील आले. दरवर्षी नवा तांदूळ घेऊन यायचे, एसटीनं. खांद्यावरचं पोतं त्यांनी उंबऱ्याजवळ टेकवलं आणि माझ्याशेजारी बसले.

"पावणं, पाय कसं हायती?"

"बरे आहेत."

"वासाचा आणलाय बगा ह्या वक्ताला. कुकराची शिट्टी झाली की गल्लीला कळतंय."

सून चहा घेऊन बाहेर आली. कप ठेवला आणि म्हणाली, "आप्पा, तांदूळ परत न्या. घरात भात बंद केलाय."

"समद्यांचा?"

"व्हय. शिजला की मामांना वास येतोय. मग ताटात घ्यावासा वाटतोय."

ते हसले. "बगा पावणं, तुमच्या पायापायी माझी लेक भाकरीवर आली की." मग त्यांचं लक्ष तिच्या तोंडाकडे गेलं. हसू थांबलं. त्यांनी मला हळूच विचारलं, "आमच्या तांदळानं वाढली व्हय साखर?"

"तसं काही नाही, पावणं," मी म्हणालो.

पुढचं वाक्य तोंडात होतं. तिथंच राहिलं. त्यांना वाटलं, मी भिडेनं बोलतोय. त्यांनी चहा संपवला, जेवायला थांबले नाहीत. मी गॅलरीत उभा राहून बघत होतो. कोपऱ्यापर्यंत त्यांनी पोत्याचा खांदा दोनदा बदलला.

त्यानंतरही मी बाजारात गेलो. हे लिहायला जड जातंय, पण गेलो.

महिनाभरानं एका सकाळी सौद्याच्या गर्दीत माझ्या एका पायातली चप्पल सुटली. मला कळलं नाही. रिक्षानं घरी आलो, दारात खाली बघितलं तेव्हा एकच पाय चपलेत. ती एक मी चपलांच्या मांडणीमागं दडवली आणि आत जाऊन बसलो. संध्याकाळी पाय घमेल्यात घालून बसलो होतो तेव्हा बेल वाजली. बाजारातला म्हातारा हमाल होता.

"वैनी, ही चप्पल दादांची. सौद्यात ऱ्हायली सकाळी."

"सौद्यात?"

"रोज येत्यात की. दिवाळीपासनं. त्यांची जीभ लागल्याबिगर आमचा मालक रवा उचलू देत न्हाय. असा पारखी आता घावायचा न्हाय." बिचारा माझं कौतुक करत होता.

तिनं त्याला पाणी दिलं. तो गेला. मांडणी सरकवल्याचा आवाज आला. चपलांची जोडी तिनं शेजारी शेजारी लावली असणार, कारण सकाळी ती तशीच होती. मग ती आत आली, खाली बसली, घमेल्यात कोपर बुडवलं.

"गार झालंय. बदलू?"

"राहू दे," मी म्हणालो.

तिनं पाय पुसले, बोटांच्या बेचक्या बघितल्या. दुसऱ्या दिवशी मागून पट्टा असलेले सँडल आणले. "हे सुटत न्हाईत," एवढंच म्हणाली. मुलाला तिनं कधीच सांगितलं नाही. मीही नाही.

बाजार मी त्या दिवसापासून सोडला. उन्हाळ्यात साखर उतरली. आग जवळजवळ गेली. दोन बोटं बधिर राहिली, ती तशीच राहतील असं डॉक्टर म्हणाले. अहवाल वाचून मुलगा खुशीत म्हणाला, "बघ, भात बंद केल्यावर कसं खाली आलं." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. भाजी वाढता वाढता म्हणाली, "व्हय की." आणि पुढची दोन वर्षं आमच्या घरात कुकरला भात लागला नाही. आहार लिहून नेणाऱ्यांनी 'भात बंद' असं कुठं लिहिलं असेल तर ते खोडून टाकावं. मुठीएवढ्या भातानं माझं काही बिघडलं नव्हतं.

मग मुलाची पुण्याला बदली झाली. मी इथंच राहिलो. गेल्या वर्षी तिचे वडील वारले. बाराव्याला मी चंदगडला गेलो. पंगतीत ती स्वतः वाढत होती. माझ्या पत्रावळीजवळ आली, आधी भाजी वाढली, मग डाळ, मग मुठीएवढा भात. "एवढा चालतोय, मामा." मी मान वर केली. तिचे डोळे सुजलेले होते. ज्या दोघांना खरं सांगायचं होतं त्यातला एक माणूस गेला होता, आणि दुसऱ्या माणसाला पुढच्या पानावर भात वाढायचा होता. मी भात कालवला.

ती रोज संध्याकाळी फोन करते. परवा मी ठरवून बसलो होतो.

"मामा, पाय बघितलं?"

"बघितले."

"आरशात? खालनं?"

"आरशात, खालून. अगं, एक सांगायचं होतं."

"सांगा की."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिच्या घरी आता भात शिजतो. मी म्हणालो, "मेथी चांगली मिळाली आज." ती म्हणाली, "मग आधी ती खावा." तिनं फोन ठेवला आणि मी दोन रेघांचं ताट पुढं ओढलं.

म्हणून इथं लिहितो. पोरी, तुझ्या हातून काही चुकलं नव्हतं. साखर माझ्या जिभेनं वाढवली, आणि दवाखान्यात ते सांगायच्या वेळी तीच जीभ मी गिळून बसलो. माझ्या वाट्याची बोलणी तू नवऱ्याकडून खाल्लीस. तुझ्या आप्पांच्या खांद्यावर ते पोतं परत चढलं, ते माझ्यामुळं. तुला सगळं कळलं होतं हे मला माहीत आहे, तरी मी सांगायला हवं होतं. मला माफ कर.