जावईबापूंचे ब्रेक पॅड

"थोडंसं ग्राइंडर मारा ना भाऊ, बसून जाते बरोबर," जावईबापू म्हणाले. सासऱ्यांच्या गाडीसाठी ते नागपूरहून ब्रेक पॅड घेऊन आले होते. डबा सीलबंद, माल अस्सल. फक्त दुसऱ्या गाडीचा.

मी नालवाडीच्या एका गॅरेजमध्ये पार्ट्सचं काम पाहतो. गाडी केळझरच्या काकांची. त्यांचा भाजीपाला तिच्यातूनच बाजारात जातो. त्यांची मुलगी आणि नात बाहेर बाकावर बसल्या होत्या. जावयाने आणलेल्या वस्तूला सासरा नाव कसं ठेवणार? काका उघड्या चाकाकडे पाहत उभे होते.

जावईबापूंचा हिशोब सरळ होता. गाडीचं नाव तेच, पासिंगचं सालही तेच. पण पासिंगचं साल म्हणजे गाडी रस्त्यावर आली ते साल. ही गाडी त्याच्या आधीच बनून शोरूममध्ये उभी होती. मधल्या काळात कंपनीने ब्रेक बदलले, नाव बदलायचा त्रास घेतला नाही. म्हणून आम्ही चेसिस नंबर पाहतो. तो गाडीचा जन्मदाखला.

पॅडला दोन्ही टोकांना कान असतात. ते कॅलिपरच्या, म्हणजे चकती दाबणाऱ्या चिमट्याच्या, खाचेत सरकतात. मी जुना पॅड नव्यावर ठेवून दाखवला. नव्याचे कान मोठे. घासला तर बसला असता, आणि जोरात ब्रेक मारल्यावर तिरपा होऊन अडकलाही असता.

जावईबापूंनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात एक इसम असाच पॅड घासून बसवत होता. नंतर गाडी चालवताना मात्र तो कुठे दिसला नाही.

तेवढ्यात आमचे मालक आले. ग्राहक म्हणतो तर लावून दे, म्हणाले. गाडी त्यांना चालवायची नव्हती. मी घासणार नाही म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या मेकॅनिकला हाक मारली.

तेव्हा काका बोलले, अगदी शांतपणे.

"लावा भाऊ. जावईबापूनं एवढ्या प्रेमानं आनले. पोरगी आन नात एसटीनं येतीन. आमी दोघं जातो गाडीनं."

मुलगी उठली, पिशवी खांद्याला लावली आणि लेकीचा हात धरला. जावईबापूंनी तिच्याकडे पाहिलं, मग ग्राइंडरकडे.

"राहू द्या," ते म्हणाले. "बरोबरवालेच मागवून घ्या."

गाडी आमच्याकडे राहिली, चौघंही एसटीने गेले. चेसिस नंबरवरून मागवलेले पॅड दुसऱ्या दिवशी आले आणि हाताने अलगद सरकले. गाडी न्यायला आले तेव्हा जावईबापू आमच्या मालकांना समजावत होते, पासिंगच्या सालावर जाऊ नये, चेसिस नंबर पाहावा. मालक मान डोलावत होते.

मी मधे पडलो नाही. आमच्या कामात पार्ट बरोबर बसला की झालं. तो कोणाच्या अकलेने बसला, हे ज्याला सांगायची हौस असेल त्याला सांगू द्यावं.