भागवत सरांची मोकळी जागा

लग्नपत्रिका हातात आली की माणूस तारीख बघतो, जेवणाची वेळ बघतो. आमचे भागवत सर कडा बघतात. "अक्षरं पार काठाला भिडवलीत. डोळ्यानं टेकायचं कुठं?" असं म्हणून ते इतके हळहळतात, की आपलीच सोयरीक मोडल्यासारखं वाटावं.

कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवतात आणि मी गणित. चित्रकलेच्या तासाला आम्ही बाकीचे मास्तर हक्काने आपला राहिलेला धडा उरकून घेतो. सर भांडत नाहीत. उरलेल्या वेळात ताटभर ज्वारीत एक हळकुंड ठेवतात आणि पोरांना विचारतात, "नजर आधी कुठं गेली? काहून गेली?" एकदा त्यांनी मुख्याध्यापकांची सूचना नव्याने लिहून लावली. मधोमध दोन ओळी, बाकी कागद कोरा. कागद वाया घालवला म्हणून बोलणी खाल्ली. पण ती सूचना पोरांनी वाचली, आणि आमच्या शाळेत हे नवलच.

सृष्टी त्यांची सगळ्यात लाडकी विद्यार्थिनी, बारावीची. तिला संभाजीनगरला कला महाविद्यालयात जायचं होतं. तिचे वडील तातेराव हे हळदीचे मोठे शेतकरी, आणि ते काही केल्या ऐकत नव्हते. सर कितीदा तरी त्यांच्या घरी जाऊन आले. शेवटी तातेराव म्हणाले, "माझ्या वाढदिवसाचं बॅनर हिलाच करू द्या. लोकं काय म्हनतात ते बघू, अन् त्याच दिशी हो की न्हाई ते सांगतो." पोरीचं सगळं पुढचं त्या एका बॅनरवर येऊन ठेपलं. सृष्टीने ते केलं, सरांनी पसंत केलं, आणि आनंदाच्या भरात मला आठवडाभर चहा पाजला.

वाढदिवसाला आम्हा दोघांना जेवणाचं आमंत्रण होतं. आम्ही शेताच्या वाटेने जरा लवकरच पोचलो. तातेराव अंगणात दाढी करून घेत बसले होते, एका गालाला अजून साबण. बॅनर पहाटेच पुतण्यांनी नाक्यावर नेऊन बांधलं होतं. घरातल्या बाकी कुणी ते पाहिलं नव्हतं.

एवढ्यात रस्त्याकडून बाईचा आक्रोश ऐकू आला. मागून माणसांचा घोळका येत होता, तोंडाला पदर लावलेल्या बाया येत होत्या. तातेराव तसेच अर्ध्या दाढीने उठले, दारात गेले आणि विचारलं, "कोन गेलं?"

घोळका जागीच थिजला. सगळ्यांच्या पुढे होत्या नर्मदाबाई, तातेरावांच्या थोरल्या बहीण. भावाच्या वाढदिवसासाठी वसमतहून एसटीने आल्या होत्या, हातात पेढ्यांची पिशवी. भावाला पाहून त्यांचा हुंदका अर्ध्यातच अडकला. मग पिशवी टाकून त्या दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर बुक्क्या मारू लागल्या.

"तात्या, जिता हायेस व्हय रे तू? तिकडं नाक्यावर हार घालून ठेवलाय तुला."

सरांचा चेहरा पांढराफटक झाला होता.

आम्ही सगळे नाक्यावर गेलो. पांढऱ्या बॅनरवर तातेरावांचा एकच फोटो, तोही काळा-पांढरा. खाली नाव. बाकी सगळं कोरं. शुभेच्छा होत्या, पण खालच्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत. आधी चेहरा, मग नाव, उरलेलं शेवटी, हे सरांनीच शिकवलेलं. चालत्या एसटीतून ती अक्षरं कुणाला दिसणार? कुण्या भल्या माणसाने झेंडूचा हार चढवला होता, खाली उदबत्त्या खोचल्या होत्या. ढाब्यावर बसलेले लोक तातेराव किती चांगले होते ते एकमेकांना सांगत होते. त्यांनाच समोर उभं पाहून एकाच्या हातातला चहाचा ग्लास खाली पडला.

मला सरांचा भयंकर राग आला. आपल्याकडे वाढदिवसाच्या बॅनरवर नेते, पुतणे, मित्रमंडळ अशी पन्नास तोंडं लागतात, त्यात एक कानाला मोबाइल लावलेला हवाच. हे शेंबडं पोरही सांगेल. जन्मभर नजर नजर करणाऱ्या माणसाला आपलाच नाका दिसू नये? मी तसं तोंडावर बोललो.

बोलली ती सृष्टी. रडून तिचे डोळे सुजले होते. "सरांना बोलू नका. आपल्याकडं मानसाला एकट्याला जागा मेल्यावरच भेटते, हे माझ्या ध्यानातच आलं न्हाई. मला निस्ते बाबा दाखवायचे होते."

तातेराव मान वर करून फोटो बघत होते. हळद शिजवताना, कढईच्या वाफेत मान वळवून कुणाकडे तरी बघतानाचा तो फोटो होता. पोरीने त्यांच्या नकळत काढलेला. त्यांच्या गालावरचा साबण वाळून गेला तरी ते हलले नाहीत. सर पुढे झाले, हात जोडले.

"तातेराव, चूक माझी हाय. शिक्षा मला द्या, पन पोरीला अडवू नका."

तातेराव वळून पुतण्यांना म्हणाले, "हार काढा. दोऱ्या सोडा. हळू, सुरकुती पडली न्हाई पाहिजे." बॅनर खाली आलं. त्यांनी ते स्वतः वाकून गुंडाळलं आणि सरांच्या हातात दिलं.

"हे तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, सर. म्या खरंच गेलो की हेच लावा. सृष्टीला संभाजीनगरहून यायला टाइम लागंल."

सृष्टीने आत्याचा हात घट्ट धरला. सर गुंडाळी छातीशी धरून भर नाक्यावर रडत उभे राहिले.