सोजराबाईने पास केलेला अॅम्प्लिफायर

मुरबे गावच्या कमलाकांत तामोरेला कुणी 'गिटारवाला' म्हटलं की तो न चुकता दुरुस्ती करायचा, "बेस. बेस गिटार." ऐकणारा मान डोलवायचा आणि पुढच्या लग्नात पुन्हा गिटारवालाच म्हणायचा. लोकांचं तरी काय चुकलं म्हणा. तात्या केणीच्या बँजो पार्टीत बँजो ऐकू यायचा, ढोलकी ऐकू यायची, गाणाऱ्याचा माईक तर खाडीपलीकडे ऐकू जायचा. कमलाकांतच्या चार जाड तारा कानापेक्षा पोटालाच जास्त कळायच्या. तो थांबला की नाचणारी माणसं एकमेकांकडे बघायची, काहीतरी बिनसलंय म्हणून. एवढीच त्याची कीर्ती, आणि तेवढी त्याला पुरत होती.

बोईसरच्या कापडगिरणीत तो पाळीला जायचा. तिथल्या खोलीवरच्या एका मंगळुरी सोबत्याने त्याला ही विद्या शिकवली आणि नोकरी सोडून गावी जाताना गिटारही देऊन गेला. शिकवणाऱ्याने सांगितलेली एकच गोष्ट कमलाकांतने गाठीशी बांधली होती: बेसवाल्याने दुसऱ्याला उचलून धरायचं, आपण पुढे यायचं नाही.

घोडं अडलं होतं ते अॅम्प्लिफायरपाशी. पार्टीकडे एकच अॅम्प्लिफायर. त्यातच माईक, त्यातच बँजो आणि त्यातच कमलाकांत. त्याने जरा जोर लावला की सगळंच गुरगुरायला लागायचं. शहाऐंशी सालच्या एका हळदीला असंच झालं. मांडवात सोजराबाई गात होती. ती गावची धवलारीण, म्हणजे लग्नाचे धवळे म्हणणारी बाई. देवांना मांडवात बोलवायचं तिने, हळद लावायची ती तिच्या गाण्यावर, आणि सासरी निघालेल्या पोरीला चार शब्द सांगायचे तेही तिनेच, गाण्यातून. ती गाण्याच्या मध्यावर होती आणि तात्याने पार्टी सुरू केली. सोजराबाईने थोडा वेळ झुंज दिली. मग पदर खोचला आणि उठली. जाताना कमलाकांतपाशी थांबून म्हणाली, "तुजा ह्यो डब्बा जिथं वाजंल, तिथं मी पुना गाणार नाय."

हे दुसऱ्या कुणाला म्हणाली असती तर त्याने कानाआड केलं असतं. पण सोजराबाई त्याची सख्खी आते. आई गेल्यावर त्याला आणि त्याच्या बहिणीला, पारूला, तिनेच वाढवलेलं, बोंबील विकून. आणि आता पारूचंच लग्न ठरलं होतं. पारूने साफ सांगितलं, "आते गाणार नसंल तर मी हळदीला बसणार नाय." इकडे तात्या अडून बसला. आपल्याच माणसाच्या बहिणीच्या लग्नात पार्टी वाजली नाही, तर लोक तोंडात शेण घालतील, असं त्याचं म्हणणं. खरं सांगायचं तर कमलाकांतलाही पारूच्या लग्नात हात बांधून बसणं जमणार नव्हतं.

दुसरा कुणी असता तर त्याने दोघांपैकी एकाला गप्प केलं असतं, आणि बहुतेक म्हातारीलाच. हा पठ्ठ्या आतेच्या अंगणात जाऊन उभा राहिला आणि विचारलं, "आते, तुला नक्की काय खुपतं?"

सोजराबाई काठ्यांवरचे बोंबील उलटत होती. हात न थांबवता म्हणाली, "मी आवाजाला भीत नाय. समुद्राशेजारी जल्म गेला माजा. पण माज्या तोंडातला शबुद पोरीच्या कानात जायला पायजे. तो गेला नाय तर लगीन कोण लावतो, तुजा डब्बा?"

त्या दिवशी कमलाकांतला कळलं की आपल्या बेसला कसला वेगळा अॅम्प्लिफायर हवाय. मोठा नको, भारी नको. आतेचा शब्द पारूच्या कानात जाऊ देईल असा हवा.

तात्याने बोईसरच्या दुकानातून एक ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर दिवसाच्या भाड्याने आणला. नवाकोरा, हलका, बटण दाबलं की लगेच तयार, आणि गाडीच्या बॅटरीवरही चालणारा. दुसरा कमलाकांतने शोधला. उमरोळीचा चिंतू पूर्वी तंबूतल्या सिनेमाचं मशीन चालवायचा. गावोगाव व्हिडिओ आले, तंबू बसला, आणि तिथला व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर चिंतूच्या घरात गोणपाटाखाली पडून राहिला. दोन माणसांनी उचलावा असा लोखंडी धोंडा, वर बल्बसारखे काचेचे व्हॉल्व्ह. "त्याला तापायला वेळ द्यावा लागतो," चिंतूने बजावलं. "घाई केलीस तर वाजणार नाय, आणि आदळलास तर कायमचाच गेला."

होड्या बांधणाऱ्या सुताराकडून कमलाकांतने स्पीकरसाठी खोका करून घेतला होता. तो त्याने आतेच्या अंगणात ठेवला आणि घरातून वायर ओढली. तात्या आला होताच, आपलाच अॅम्प्लिफायर जिंकणार या खात्रीने.

आधी ट्रान्झिस्टर. हळू वाजवला तेव्हा गोड होता, खोटं कशाला बोला. पण लग्नाच्या मांडवात हळू वाजवून भागत नाही. कमलाकांतने आवाज चढवला आणि आतेला गायला सांगितलं. आवाज वर गेला तसा तो फाटायला लागला, आणि नेमका आतेचा गळा जिथे चढायचा तिथेच खरखरायला लागला. दोन ओळींत ती थांबली. "शबुद खातोय," म्हणाली आणि बोंबलांकडे वळली.

मग व्हॉल्व्हवाला जोडला. बटण दाबलं. काहीच नाही. तात्या घड्याळाकडे बघायला लागला. "मांडवात माणसं काय तोंडाकडं बघत बसणार?" कमलाकांत तारांवर हात ठेवून नुसता काचांकडे बघत राहिला. आतल्या तारा हळूहळू लालसर होत होत्या. सगळं गप्प. आणि त्या गप्पपणात, अंगणात नुसतं उभं राहायचा कंटाळा येऊन म्हणा की जुन्या सवयीने म्हणा, सोजराबाई आपणहून गायला लागली. हळदीचं पहिलं गाणं, सावकाश, देवांची नावं घेत.

काचा तापल्या तसा कमलाकांतने पहिला स्वर लावला. मग दुसरा. आवाज चढवत नेला. हा फाटला नाही. भरला की नुसता दबायचा, गोल व्हायचा आणि जमिनीजवळच राहायचा. आतेचा शब्द त्याच्यावर उभा होता. तिने एकदा खोक्याकडे बघितलं, एकदा भाच्याकडे, आणि गाणं शेवटपर्यंत नेलं. संपल्यावर पदराने तोंड पुसून म्हणाली, "ह्यो ऐकून घेतो. ह्योच आण."

तात्याने पुष्कळ डोकं खाल्लं. वजन, वीज, वरात. "वरातीत हा बॅटरीवर चालणार नाय, तेव्हा तू काय करशील?" कमलाकांत म्हणाला, "खुळखुळा वाजवीन." आणि पुढची कित्येक वर्षं प्रत्येक वरातीत तालुक्यातला एकमेव बेसवाला खरोखरच खुळखुळा वाजवत चालला, जराही न लाजता. असल्या माणसाचं कौतुक करावं नाही तर काय करावं.

पारूच्या हळदीला बटण दाबलं, मांडव गप्प झाला, आणि त्या गप्पपणात सोजराबाई उभी राहिली. तिचा शब्दन् शब्द पारूच्या कानात गेला, हे पारूच्या डोळ्यांवरून मांडवातल्या सगळ्यांना दिसलं. मग बेस आला, मग बँजो. तेव्हापासून ती रीतच पडली. अॅम्प्लिफायर तापेपर्यंत धवलारीण. तात्याही वधूपित्यांना ऐटीत सांगायला लागला, "आमच्या पार्टीत आधी सोजराबाई."

पावसाळ्यात तो धोंडा सोजराबाईच्या सुक्या मासळीच्या खोलीत राहायचा, कारण घरातली कोरडी जागा तेवढीच. परिणाम काय झाला, तर बोईसरच्या एका कॉलनीत गणपतीला तो तापला आणि सगळ्या हॉलभर बोंबलाचा वास सुटला. पुढच्या रांगेतल्या साहेबलोकांनी रुमाल काढले. तात्या घामाघूम. कमलाकांत डोळे मिटून वाजवत राहिला. त्याला वास आवडत होता.

नव्वदीनंतर व्हॉल्व्ह मिळेनासे झाले. चिंतूने कुठून कुठून आणून दिले, तेही संपले. त्याच सुमारास सोजराबाई गेली. कमलाकांतने अॅम्प्लिफायर तिच्याच खोलीत ठेवला आणि दाराला कडी घातली. तात्याने नवा आणला, ट्रान्झिस्टरचाच, पण चांगल्यातला, कितीही चढवला तरी न फाटणारा.

त्या नव्यावरची पहिली हळद पाम गावात होती. धवळे म्हणायला सोजराबाईची सून हिरा आली होती. सासूच्या मागे बसून तिने सगळी गाणी उचललेली, पण एकटीने कधी गायलेली नव्हती, आणि समोर पार्टी मांडलेली बघून ती बायकांत मागे मागे सरकत होती. कमलाकांतने बटण दाबलं. लाल दिवा लगेच लागला. त्याने चारही तारांवर तळहात ठेवला आणि तसाच बसून राहिला.

मांडव गप्प झाला. तात्या वाकून म्हणाला, "लागला ना दिवा? वाजव की."

"तापू दे," कमलाकांत म्हणाला.

"अरे, ह्याला तापावं लागत नाय."

"तापू दे, तात्या."

तो हिराकडे बघत होता. थोड्या वेळाने बायकांमधून देवांची नावं घेणारा आवाज आला, आधी कापरा, मग सरळ. तात्याने बँजोवरचा हात काढला आणि मांडीवर ठेवला.