पाणी भरून मिळेल

आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, तेही भर दुपारी, मोठी माणसं कामावर असताना. सोलापूरकराला यात नवल काही नाही. मला मात्र त्यात धंदा दिसला. उन्हाळ्याची सुट्टी होती, मला आणि धाकट्या भावाला बॅडमिंटनच्या रॅकेट हव्या होत्या आणि आई तो विषयसुद्धा काढू देत नव्हती.

मग पाण्याच्या दिवशी सकाळीच आम्ही शेजाऱ्यांच्या किल्ल्या गोळा करायला लागलो. पाणी आलं की त्यांची पिंपं, घागरी भरायच्या आणि कुलूप लावायचं. घरामागे पाच रुपये. पाण्याच्या आधी नळातून फुस्स करून हवा येते. ती ऐकायला भावाला आमच्या नळाशी बसवलं होतं. मी मालकीण, तो नोकर, असा माझा तोरा.

पहिल्या खेपा झकास गेल्या. मग मला हाव सुटली, आणखी दोन घरं घेतली. त्या दुपारी फुस्स झाल्याबरोबर आम्ही दोघंही पळालो. घरचं पिंप त्यानं नळाखाली लावलं असेल असं मी धरून चालले, त्याला वाटलं मी लावलं. शेवटचं कुलूप लावून घरी आलो, तर पाणी गेलेलं.

संध्याकाळी आई टॉवेलच्या कारखान्यातून आली. "पिंप कोरडं हाय की," एवढंच म्हणाली. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते. मी भोकाड पसरलं.

ते ऐकून शेजारणी जमल्या. एकेकीनं आपल्यातली घागर आणून आमच्या पिंपात ओतली. त्या गेल्यावर आईनं आमच्या कमाईच्या पैशाचा डबा माझ्या हातात दिला. "तुमी पाण्याचं पैसं घेता न्हवं? मग त्यांचंबी देऊन या."

मी नाक पुसत दारोदार फिरले. सगळ्यांनी "राहू दे गं लेकरा" म्हणून परत पाठवलं. समोरच्या तेलुगू अक्कांनी मात्र पाचाचं नाणं घेतलं, कनवटीला लावलं आणि दार ओढून घेतलं. मला त्यांचा असा राग आला!

पुढच्या पाण्याच्या दिवशी किल्ल्या मागायला गेले. "नको गं, लहान हाय तुमी," जी ती हेच म्हणाली. धंदा बुडाला म्हणून मी पायरीवर बसून राहिले. तेवढ्यात अक्का कामाला निघाल्या. त्यांनी न विचारता किल्ली माझ्या हातात ठेवली.

"आधी तुमचं भरा," त्या म्हणाल्या. "मग माझं."