‘निघून जा’ म्हणणारं वचन

माझं अक्षर चांगलं आहे आणि त्यापायी नको ती कामं माझ्या गळ्यात पडतात. लग्नपत्रिकांवरची नावं, शाळेच्या गॅदरिंगचे फलक, आणि डिसेंबर लागला की आमच्या ख्रिस्ती मंडळीची वचनं. महागावात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. ती कार्डं छापायला मला दहा मिनिटं लागली असती. पण आमच्या पाळकांना वचन हातानं लिहिलेलंच हवं असतं. छापलेलं वचन लाइटबिलासारखं दिसतं म्हणतात.

नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी उपासना संपली की एक टोपलं फिरतं. त्यात माणशी एक कार्ड, पालथं ठेवलेलं. ज्यानं त्यानं एक उचलायचं. त्यावर बायबलमधलं जे वाक्य निघेल ते त्याचं वर्षाचं वचन. कोणी ते मोबाइलच्या कव्हरमागे ठेवतं, कोणी पूर्वी देव्हारा होता त्या कोनाड्यात. घरात आजारपण आलं, मुलीची सोयरीक ठरली, की प्रार्थनेला आलेला माणूस आधी विचारतो, यंदाचं वचन काय? देव त्या वर्षी तुमच्याशी जे बोलायचं ते त्या कार्डावर बोलला, असं आम्ही मानतो. मीही मानते. हसायचं असेल तर हसा, पण पुढचं समजायला हे माहीत असलेलं बरं.

वचनांची यादी पाळक देतात. सगळी गोड. त्या वर्षी त्या यादीतलं एक मी गाळलं आणि एक माझ्या मनानं घातलं.

आमच्या मंडळीत एक वडीलधारे आहेत, सगळे त्यांना मोठे भाऊ म्हणतात. ‘प्रभू, प्रभू’ म्हणत ते प्रार्थनेला उभे राहिले की तेवढ्यात घरी जाऊन दोन भाकरी थापून यावं. बुधवारचा बायबल-अभ्यास तेच घेतात. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. रविवारची ड्यूटी नसली की खाकी कपड्यातच येऊन मागच्या चटईवर बसायचे. बाप्तिस्मा घ्या म्हटलं की म्हणायचे, बिडी सुटली की घेतो. बिडी सुटली नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बाबाच गेले, बाप्तिस्म्याशिवाय. आणि काही काळानं, वचनं लिहायच्या दिवसांत, एका बुधवारी मोठे भाऊ तारणावर, म्हणजे मेल्यावर कोण वाचणार यावर, बोलता बोलता म्हणाले, की काठावर बसून राहिलेले बुडाले, आपल्यातलेच काही बुडाले. माझ्याकडे बघितलंही नाही त्यांनी. सगळे माझ्याकडे बघत होते.

मला राग लवकर येतो आणि तो उशिरा जातो. तो तर गेलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी मत्तयाचं पुस्तक उघडलं. येशू तिथे शेवटल्या दिवसाबद्दल बोलतो. पुष्कळ जण येऊन प्रभू, प्रभू म्हणतील, तुझ्या नावानं आम्ही हे केलं, ते केलं म्हणतील. तेव्हा तो त्यांना सांगेल की मी तुम्हाला कधी ओळखलंच नाही, निघून जा माझ्यापासून. एवढंच मी माझ्या सुंदर अक्षरात एका कार्डावर लिहिलं. वर एक बारीक वेलबुट्टीही काढली, फक्त त्याच कार्डावर.

टोपलं पहिल्यांदा मोठ्या भाऊंपुढे जातं आणि ते नेहमी वरचंच कार्ड उचलतात. मी ते वर ठेवलं. पण नेमकं त्या दिवशी पाळकांच्या बायकोनं टोपलं हातात घेतलं आणि तांदूळ पाखडावेत तसं दोनदा हलवलं. मोठ्या भाऊंना मेंढपाळाचं वचन निघालं. ते डोळे मिटून हसले. माझं कार्ड कुठे गेलं ते मला कळेना. टोपलं ओळीनं पुढे सरकत होतं आणि मी एकेकाचा चेहरा बघत होते.

तेवढ्यात माझ्या गुडघ्यावर कोणीतरी थाप मारली. याडी होती. याडी म्हणजे बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. तांड्यावरून दर रविवारी दोन कोस चालत येणारी ती म्हातारी सगळ्या मंडळीचीच याडी होती. घरात विश्वासी, म्हणजे येशूला मानणारी, ती एकटीच, आणि तिला वाचता येत नव्हतं. तिनं कार्ड माझ्यापुढे धरलं.

“वाच वं छोरी. काय म्हंते तो मले?”

कार्डावर वेलबुट्टी होती.

पन्नास माणसांच्या प्रार्थनाघरात त्या म्हातारीला मी काय वाचून दाखवणार होते? देव तुला ओळखत नाही? मी कार्डाकडे बघत बघत यादीतलं गाळलेलं वचन म्हटलं. भिऊ नकोस, मी तुझं नाव घेऊन तुला हाक मारली आहे, तू माझी आहेस. याडीनं मला ते तीनदा म्हणायला लावलं. मग कार्ड डोळ्यांना लावून कमरेच्या पिशवीत, सुपारीजवळ ठेवलं.

पहिले काही दिवस मी स्वतःला समजावलं, की झालं ते बरं झालं, म्हातारी खूश आहे. पण बुधवारी अभ्यासात बायबलचं शेवटचं पान निघालं. या पुस्तकातल्या शब्दांत जो भर घालील त्याच्यावर देव पीडा आणील, आणि जो त्यातून काही काढून टाकील त्याचा जीवनाच्या झाडातला वाटा देव काढून घेईल, असं तिथे आहे. मी दोन्ही केलं होतं. एक काढलं, एक घातलं, आणि वर खोटं वाचलं. मोठे भाऊ समजावून सांगत होते आणि मी तेवढीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते.

तेव्हापासून भीती माझ्या घरीच राहायला आली. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचं, येशूच्या आठवणीतल्या भाकरीचं, ताट फिरतं. अयोग्यपणे खाईल तो स्वतःवर न्याय ओढवून घेतो, हे मला पाठ होतं. मी ताट तसंच पुढे सरकवू लागले. शेजारच्या बाईनं एकदा भुवया उंचावल्या, मी ॲसिडिटी सांगितली. बाबांचा विचार आला की वाटायचं, ते बुडाले असले तर मीही त्याच वाटेनं चालले आहे, आणि आम्हाला तिथे एकमेकांची ओळख तरी पटेल का? असं मनात आलं की मी दुकानात उगाच मशीन पुसत बसायची.

देवाची भीती एकीकडे आणि त्या कार्डाची दुसरीकडे. याडीच्या मुलाला वाचता येत होतं. त्यानं सहज बघितलं असतं तर? मी गाळलेल्या वचनाचं नवीन कार्ड लिहून तयार ठेवलं, तीच शाई, तीच वेलबुट्टी. दे म्हटलं याडी, लॅमिनेट करून देते, भिजणार नाही. तिनं पिशवीवर हात ठेवला आणि म्हणाली, राहू दे, मले असंच पायजे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं, मी पुन्हा मागायला धजले नाही. दर रविवारी मात्र ती कार्ड काढून म्हणायची, वाच. मी वाचायची. भिऊ नकोस, हे शब्द म्हणताना मी तिच्याकडे बघायची नाही. ती माझ्या तोंडाकडे एकटक बघत ऐकायची.

पोळा झाल्यावर याडीच्या छातीत पाणी झालं. मुलानं तिला यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. पाळक, मोठे भाऊ आणि मी, तिघं दुपारच्या भेटीच्या वेळेत गेलो. ती उशीला टेकून बसली होती, नाकाला नळी, पाय सुजलेले. मुलगा औषध आणायला खाली गेला होता. पाळकांनी प्रार्थनेचं तेल तिच्या कपाळाला लावलं. मग मोठ्या भाऊंनी विचारलं, याडी, तुमचं यंदाचं वचन काय? त्यावरच प्रार्थना करू. आणि उशीजवळची पिशवी त्यांनीच उचलली. सुपारी, एक रुमाल, मग कार्ड. ते खिशात चष्मा शोधू लागले.

माझी पाचावर धारण बसली. चष्मा सापडेपर्यंत मला काहीतरी बोलायला हवं होतं. मोठे भाऊ माझं अक्षर ओळखत होते. ते कार्ड कोणासाठी होतं हेही त्यांना कळलं असतं, असं मला त्या क्षणी खात्रीनं वाटलं.

याडीनं हात पुढे करून त्यांच्या हातातलं कार्ड काढून घेतलं.

“हे नाई वाचायचं, भाऊ,” ती म्हणाली. “तुमी तोंडानं करा प्रार्थना. हे माझ्यातलं अन् त्याच्यातलं हाये.”

भाऊंनी प्रार्थना केली, नेहमीएवढी लांब. मग ते दोघं डॉक्टरांना भेटायला गेले आणि मी मागे राहिले. याडीनं मला खाटेवर बसवलं.

“मले मालूम हाये काय लिव्हलं हाये ते.”

जानेवारीतच, ती म्हणाली. वचन इतकं गोड वाटलं की पुन्हा ऐकावंसं वाटलं, आणि रविवार तर लांब. ब्लाऊज शिवायला टाकला होता, त्या मुसलमान टेलरला तिनं कार्ड वाचायला दिलं. त्या भल्या माणसानं वाचून कार्ड परत तिच्या हातात दिलं. मग म्हणाला, काकी, मला नीट समजत नाही. तिनं हट्ट केला तेव्हा त्यानं हळू आवाजात वाचलं.

म्हणजे आठ-नऊ महिने ती माझं खोटं ऐकत होती. मी विचारलं, मग मला दर रविवारी का वाचायला लावलंस? तू खरं कधी वाचतेस ते बघत होते, म्हणाली.

मी रडायलाच लागले. तिनं रडू दिलं. मग स्वतःचं सांगू लागली, थांबत थांबत, मध्ये दम घेत.

“पयले लय भेव वाटलं. दोन दिवस भाकर गेली नाई. मंग म्हनलं, तो खोटं काहून बोलन? इतके वर्स मी त्याले हे दे, ते दे म्हनलं. मी कोन, कोनाची, हे कवा सांगतलं? तांड्यात नवा मानूस आला त आमी पयले गोत इचारतो, बापाचं नाव इचारतो, मंग पानी देतो. मी त तशीच घुसली त्याच्या घरात.”

म्हणून मग ती रोज सकाळी चूल पेटवायच्या आधी देवाला ओळख द्यायची. गोत सांगितलं. माहेरचा तांडा, सासरचा तांडा, आई-बाप, आजा. ते संपलं तेव्हा वाटलं, एवढ्यानं माणूस कुठे कळतो. मग शेजारणीची कोंबडी लपवून ठेवलेली सांगितली. सासूला एकदा दोन सांजा उपाशी ठेवलं ते सांगितलं. एक लेकरू तापानं गेलं आणि त्या दिवशी ती त्याला टाकून बाजाराला गेली होती, हे तिनं नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगितलं. ओळख द्यायची तर पुरी द्यावी, म्हणाली.

“मग ओळखलं का त्यानं?” मी विचारलं. मला त्या उत्तराची फार गरज होती.

“मले का मालूम. काई बोलला नाई. पन जा म्हनलं तरी मी जाऊन नाई राह्यली.”

तिनं कार्ड माझ्या हातात दिलं. आता वाच म्हणाली, हाये तसं. मी वाचलं. मी तुम्हाला कधी ओळखलं नाही, माझ्यापासून निघून जा. याडी मान हलवत होती, कोणी ओळखीचं माणूस रागावलं तर आपण हलवतो तशी.

“तुया बापाची बी ओळख देल्ली मी,” ती म्हणाली. “म्हनलं, खाकी कपड्यातला तो मानूस, मांगच्या चटईवर बसे. बिडीचा वास येते म्हनून लोकाईपासून दूर सरकून बसे. तूनं पाह्यला असशीन. पाळकाले नोको सांगू, मेलेल्यासाठी बोलू नाई म्हंते ते.”

बाबा दूर का बसायचे ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, त्यांना तिथे यायचंच नसतं.

“तुयं मात्र नाई सांगतलं. तुयं तूच सांग.”

आत्ता? मी विचारलं. तिनं डोळे मिटून घेतले आणि माझा हात धरला. शेजारच्या खाटेवरची बाई मोसंबी सोलत होती. मी हळू आवाजात सुरुवात केली. माझं नाव, बाबांचं नाव, गाव, दुकान. ते चटकन झालं. मग कार्डापर्यंत आले आणि अडले. खोटं वाचलं हे मी सांगू शकले. ते का लिहिलं हे सांगता येईना. इतके महिने मी खोट्या वाचण्याला भीत होते, आणि त्याच्या आधीचं मी स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. तिनं माझा हात दाबला.

मग मी सांगितलं. म्हटलं, त्या माणसाला तू शेवटल्या दिवशी हाकलून द्यावंस, असं मला वाटत होतं. मनापासून वाटत होतं. थोडं अजूनही वाटतं.

एवढं बोलून मी थांबले. इतकी भीती मला त्या वर्षात कधीच वाटली नव्हती. निघून जा, असं आता कोणीतरी म्हणेल म्हणून मी वाट बघत बसले. कोणी काही बोललं नाही. मीही उठून गेले नाही.