पहिला कौल उजवा होता

"गो, तू खाली उतर."

हे मला माझे सर म्हणाले. तत्त्वज्ञानाचे सर. देवळाच्या सभामंडपात उभे राहून, अख्ख्या गावासमोर. खाली म्हणजे पायरीच्या खाली, जिथे आमच्या वाडीतली माणसं उभी होती तिथे. वर्गात ते माझ्याशी कधी मालवणीत बोलले नव्हते. तिथे मी पहिल्या बाकावर बसायचे आणि सर छापील मराठीत सगळ्यांना सांगायचे, हिच्याकडे बघा, ही विचार करते. त्या दिवशी गो म्हणाले आणि बोटानं पायरी दाखवली. ते बोट मी विसरलेले नाही.

आमचं गाव आचऱ्याच्या अलीकडे. आम्ही चांभार. आज वाडीत कोणी चपला शिवत नाही. माझी आई काजूच्या कारखान्यात बिया फोडते, काका रिक्षा चालवतो. तरी गावाच्या लेखी आमची ओळख तीच. जत्रेला आमच्या बायका ओटी घेऊन जातात त्या पायरीपर्यंत. पायरीवर गुरव एक ताट ठेवतो. खण, नारळ, तांदूळ त्या ताटात टाकायचे. मग तो ताटावर पाणी शिंपडतो आणि आत नेतो. कोणी शिवी देत नाही, कोणी हात धरून अडवत नाही. विचारलं तर सांगतात, रीत आहे.

सर त्याच गावचे, मानकऱ्यांच्या घरातले. बारावीनंतर मी तत्त्वज्ञान घेते म्हटल्यावर वाडीनं मला वेड्यात काढलं होतं. हे शिकून नोकरी कसली मिळणार? तेव्हा सर आमच्या घरी आले. दारापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून बसले, आईच्या हातचा चहा प्याले, मुलीला शिकू द्या म्हणाले. त्या चहाचं आईला केवढं अप्रूप. वर्षभर भेटेल त्याला सांगत होती. मीही सरांना देव मानायला लागले, खोटं कशाला बोलू.

आणि ते शिकवायचे सुंदर. संशय घ्या म्हणायचे. वाडवडिलांनी सांगितलं म्हणून खरं मानू नका, मी सांगतो म्हणूनही मानू नका. मला वाटायचं, हा माणूस माझ्यासाठीच बोलतोय. एकदा तास संपल्यावर मी त्यांना त्या ताटाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "गावात विचार. तू प्रश्न मांड, मी तुझ्या बाजूला उभा आहे." शब्द हेच होते.

मी मांडला. जत्रेआधीच्या गावच्या बैठकीत मांडला. आमच्या बायकांना आत येऊन ओटी भरू द्या. मानकऱ्यांनी होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. देवाला विचारू म्हणाले. आमच्याकडे गावातलं कुठलंही मोठं काम कौल घेतल्याशिवाय होत नाही. देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या लावतात, गुरव गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मला कौल पटत नव्हता. पण सर म्हणाले, पहिली पायरी म्हणून मान्य कर. जत्रेच्या दिवशी त्यांनीच मला सभामंडपात वर बोलावून घेतलं. आमच्या वाडीतलं तिथे उभं राहिलेलं पहिलं माणूस मी. खाली आई ओटीचं सामान पदराखाली धरून उभी होती.

गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, खालच्या वाडयेच्या बायकांनी गाभाऱ्यापर्यंत येवन तुझी ओटी भरूची, ह्या तुका मान्य आसात तर उजवो दी."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणालं. पायरीखालून आमची माणसंही म्हणाली.

उजवी पाकळी पडली. लगेच पडली, वाट बघायलाही लागली नाही.

आईनं हात जोडले. काका रडायला लागला. मी सरांकडे बघून हसले. मंडपात मात्र मानकरी एकमेकांकडे बघत होते. मग सर घसा खाकरून पुढे झाले. मला वाटलं, आता हे गावाला समजावतील.

ते म्हणाले, "प्रश्नातच दोष आसा. एका प्रश्नात दोन प्रश्न घातलास. ओटी भरूची ह्यो एक, गाभाऱ्यापर्यंत येवचा ह्यो दुसरो. देवान होय म्हटलान ता खयच्याक?"

हा तर्कदोष त्यांनी आम्हाला नुकताच शिकवला होता. फळ्यावर उदाहरण लिहून. मी तो वहीत उतरवून घेतला होता आणि घरी आईलाही समजावला होता.

मानकऱ्यांचे चेहरे उजळले. शिकलेला माणूस बोलला होता. प्रश्न बदलून पुन्हा कौल लावला. पुन्हा उजवा. मग कोणीतरी म्हणालं, पाकळी जास्त भिजली होती. तिसऱ्यांदा विचारताना वाडवडिलांच्या रितीला आणि गावच्या राखणीला धक्का लागणार नसेल तर उजवा दे, असं काहीतरी लांबलचक विचारलं. डावा पडला. मग कोणालाच प्रश्नात दोष दिसला नाही, पाकळीही कोणी बघितली नाही.

मी सरांना विचारलं, तिसऱ्या प्रश्नात किती प्रश्न होते? मोठ्यानं विचारलं. तेव्हा त्यांनी मला खाली उतरायला सांगितलं.

मी उतरले नाही. तिथेच उभी राहिले. खालून काका हात जोडून विनवायला लागला, उतर बाय, आपल्याला याच गावात राहायचं आहे. गुरवानं नेहमीसारखं ताट आणून पायरीवर ठेवलं आणि आईकडे बघितलं. आई पुढे झाली. मला वाटलं, टाकणार. आयुष्यभर टाकत आली होती. तिनं ताटाकडे बघितलं, मग सरांकडे बघितलं.

"नारळ आमचो आसा," ती म्हणाली. "घराक न्हेतंय."

ती वळली आणि मी तिच्यामागून उतरले. सरांनी सांगितलं म्हणून नाही, आई निघाली म्हणून. संध्याकाळी त्या नारळाची कढी झाली. आम्ही दोघी जेवलो. मला रडू येत होतं आणि भूकही फार लागली होती.

पुढच्या तासाला सर आले, हजेरी घेतली, तर्कदोषांचा धडा पुढे चालू केला. मी उभी राहून पहिल्या कौलाबद्दल विचारलं. ही चर्चा वर्गाची नाही, असं उत्तर मिळालं. नंतर व्हरांड्यात गाठून ते हळू आवाजात म्हणाले, "माका गावात रवाचा आसा. तू शिकून खंयतरी जातलंस." म्हणजे त्यांना सगळं कळत होतं. अडाणीपणानं केलं असतं तर मी कधीतरी माफ केलं असतं.

आता मीही तत्त्वज्ञान शिकवते, तासिका तत्त्वावर, दुसऱ्या कॉलेजात. गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला. तत्त्वज्ञान घेतलेल्या नव्या मुलांसाठी चार उपदेशाचे शब्द लिहून पाठव, भित्तिपत्रकावर लावू, माझी विद्यार्थिनी म्हणून. त्या दिवसाचा उल्लेखही नाही. आवाज तसाच गोड. मी हो म्हटलं. तर मुलांनो, हे तेच चार शब्द.

तर्कशास्त्र नीट शिका, पाठ करा, सरांकडूनच शिका. त्यांच्यासारखं शिकवणारा जिल्ह्यात नाही. ते अवजार आहे आणि ज्याच्या हातात असेल त्याचं काम करतं. तुमच्या हातात नसेल तर दुसरे ते तुमच्यावर चालवतील आणि तुम्ही खालून व्हय म्हाराजा म्हणत राहाल. दुसरं, तुमचा शिक्षक कशावर संशय घेतो त्यानं भारावून जाऊ नका. तो कशावर कधीच संशय घेत नाही ते शोधा. ते बहुधा त्याच्या घरातच सापडेल. आणि कोणी म्हणालं की तू प्रश्न मांड, मी बाजूला उभा आहे, तर मांडा जरूर, पण त्याच्या भरवशावर मांडू नका. मी मांडला होता. फार लागलं मला ते. ताटावरच्या पाण्यापेक्षा जास्त लागलं.

सर, हे कापू नका. लावायचं तर पूर्ण लावा.

जत्रा जवळ आली आहे. आई आणि मी येणार आहोत, पायरी चढून गाभाऱ्यापर्यंत. वाडीतल्या आणखी बायका तयार आहेत, काकासुद्धा येतो म्हणालाय. अडवलंत तर पोलिसात जाऊ, कायदा मी वाचलेला आहे. मी देव मानायचा की नाही ते माझं मी बघेन. तुम्ही गुरवाला एवढंच सांगून ठेवा, पाकळ्या भिजवू नकोस. या वेळी आम्ही काही विचारलेलं नाही.